वाद्य मोडणाऱ्याने भरपाई द्यावी का?

जुलै २०२३ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात गिटार, हार्मोनियम, तबला, अ‍ॅम्प्लिफायर, लाउडस्पीकर असे सगळे एका ढिगात रचून पेटवून देण्यात आले. संगीताने नीती बिघडते, तरुण वाया जातात, असे कारण तालिबानच्या सदाचार खात्याच्या अधिकाऱ्याने दिले. छायाचित्रे जगभर फिरली आणि ठरलेला वाद ठरलेल्या पद्धतीने झाला. एक बाजू म्हणाली, बघा, इस्लाम हा असाच. दुसरी म्हणाली, छे, याचा इस्लामशी संबंधच काय? अमीर खुस्रो आठवा, बिस्मिल्ला खाँ आठवा. तिसरी बाजू धर्मशास्त्राच्या अधिकाराने बोलते. तिने सांगितले की सगळ्या उलेमांचे यावर एकमत आहे, चर्चेला जागाच नाही. एखादा नामांकित गायक धर्मासाठी गाणे सोडतो तेव्हाही हेच तीन सूर लागतात. तिघांनाही आपले म्हणणे इतके उघड वाटते की पुरावा मांडण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. संगीत इस्लाममध्ये मुळातच हराम आहे, हा दावा पुराव्यावर टिकत नाही. ते निर्विवाद हलाल आहे, हा दावाही टिकत नाही. पहिल्या काही पिढ्यांपासून हा खऱ्या मतभेदाचा प्रश्न आहे, आणि त्यात परवानगीची बाजू मला अधिक सबळ वाटते. आणि ती सबळ नाही असे क्षणभर धरले, तरी त्यातून दुसऱ्याचे वाद्य जाळण्याचा अधिकार आपोआप निघत नाही. पाप कशाला म्हणावे हा एक प्रश्न, आणि पाप करणाऱ्याचे काय करावे हा वेगळा. आजच्या वादात या दोहोंची सर्रास गल्लत होते.

सुरुवात मला जवळच्या वाटणाऱ्या बाजूपासून करतो, कारण तिचाच युक्तिवाद सगळ्यात ढिसाळ आहे. खुस्रोंचे नाव घेतले म्हणजे प्रश्न सुटला, असे तिला वाटते. अल फाराबीने दहाव्या शतकात संगीतशास्त्रावर 'किताब अल मुसिकी अल कबीर' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याआधी अल किंदीने लिहिले, इब्न सीनाने संगीताला गणिताच्या पंगतीत बसवले. ८२२ साली गायक झिरयाब कॉर्डोव्याला पोचला आणि अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम स्पेनच्या, गाण्याचा चेहरा बदलला. सगळे खरे. पण बगदादच्या खलिफांच्या दरबारात ऊद हे तंतुवाद्य वाजत होते तशी दारूही वाहत होती. अबू नुवासची मद्यकाव्ये अरबी साहित्याचे लेणे मानली जातात. म्हणून दारू हलाल ठरली का? मुसलमानांनी केले म्हणजे इस्लामला मान्य, हे समीकरण एकदा स्वीकारले की मग हेरातची होळीही मान्य करावी लागेल. तीही मुसलमानांनीच केली.

सूफींची साक्षही वाटते तितकी सरळ नाही. निजामुद्दीन औलियांच्या संवादांचा 'फवाइद उल फुआद' हा संग्रह उपलब्ध आहे. समा, म्हणजे भक्तीचे गाणे ऐकण्याची मैफल, त्यांच्या साधनेचा गाभा होती. पण काही शिष्यांनी वाद्ये लावून मैफल केल्याचे कानावर आले तेव्हा त्यांनी ते नापसंत केले. आज त्यांच्या दर्ग्यात हार्मोनियम आणि ढोलक घेऊन कव्वाली चालते, आणि परवानगीचा दाखला म्हणून तीच दाखवली जाते. ज्याला वाद घालायचा आहे त्याने हे आधी माहीत करून घ्यावे. नाहीतर समोरचा अभ्यासू मौलवी पहिल्याच फेरीत तोंडघशी पाडतो.

कारण मनाई करणाऱ्यांजवळ पुरावा आहे, आणि तो हलका नाही. कुराणात संगीताचे नाव घेऊन केलेली बंदी कुठेही नाही, हे खरे. पण ३१ व्या सूरेच्या ६ व्या आयतीत 'मन रमवणाऱ्या गोष्टी' विकत घेऊन लोकांना अल्लाहच्या मार्गावरून भरकटवणाऱ्यांचा निषेध आहे, आणि प्रेषितांचे निकटचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसूद यांनी त्याचा अर्थ गाणे असा शपथेवर सांगितला, असे तबरीच्या भाष्यात आहे. सहकाऱ्याची शपथ ही ऐरागैरा मत म्हणून झटकता येत नाही. दुसरा आधार बुखारीच्या संग्रहातली हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचन-वर्तनाचे परंपरेने आलेले कथन. माझ्या अनुयायांत असे लोक निपजतील की जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि वाद्ये हलाल मानतील, असे भाकीत तिच्यात आहे. एखादी गोष्ट 'हलाल मानतील' अशी तक्रार होते, याचा अर्थ ती मुळात हलाल नसणार. तिसरा आधार फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या, परंपरेचा. मदीनेच्या इमाम मालिकांना गाण्याविषयी विचारले तेव्हा 'आमच्याकडे ते उडाणटप्पू करतात' अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. इमाम शाफिईंनी गाणे निरर्थकाच्या जवळचे आणि नापसंत ठरवले. जो त्यातच बुडालेला असतो त्याची साक्षही ग्राह्य धरू नये, असे म्हटले. इब्न हंबल यांना ते आवडत नव्हते, त्याने मनात ढोंग उगवते असे ते म्हणत. हनफी परंपरा वाद्यांबाबत कडकच. चारही मजहबांतले, म्हणजे धर्मकायद्याच्या पंथांतले, बहुसंख्य मत वाद्यांच्या विरुद्ध झुकलेले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता या पुराव्याकडे जरा जवळून पाहू. आयतीत भरकटवण्याचा हेतू स्पष्ट सांगितला आहे, आणि अकराव्या शतकातल्या अंदलुसी इब्न हझमने नेमके त्यावर बोट ठेवले. त्याचे उत्तर फार तीक्ष्ण आहे: लोकांना धर्मापासून भरकटवण्यासाठी एखाद्याने कुराणाची प्रत विकत घेतली तरी तो पाखंडीच ठरेल, म्हणून कुराणाची प्रत विकत घेणे निषिद्ध होते का? आयतीचा रोख हेतूवर आहे, वस्तूवर नाही. शिवाय ती ज्याच्या संदर्भात उतरली असे सांगितले जाते, तो मक्केचा नद्र इब्न हारिस इराणी राजांच्या, रुस्तुम-इस्फंदियारच्या कहाण्या आणून श्रोत्यांना प्रेषितांपासून दूर खेचत असे, असा उल्लेख चरित्रग्रंथांत येतो. म्हणून कुठल्या फकीहाने, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडिताने, कहाणी ऐकणे सरसकट हराम केले? कोणीच नाही. तिथे सगळ्यांना हेतू आणि कृती यांतला फरक नीट कळतो. गाण्यापाशी येताच तो धूसर होतो.

बुखारीच्या हदीसविषयी इब्न हझमने कथनाची साखळी तुटलेली आहे असा आक्षेप घेतला. पुढे इब्न हजर यांच्यासारख्या जाणकारांनी तीच हदीस इतर मार्गांनी जोडलेली दाखवून आक्षेप खोडून काढला. परवानगीची बाजू अजूनही इब्न हझमला धरून बसते. ती हट्टाची गोष्ट आहे. हदीस खरी आहे असे मानूनच बोलू. तिच्यातली यादी पाहा: व्यभिचार, रेशीम, दारू, वाद्ये. यातले रेशीम पुरुषांना मनाई आणि स्त्रियांना मुभा असलेले आहे. इतकेच काय, अंगाला खाज सुटली म्हणून अब्दुर्रहमान इब्न औफ आणि जुबैर या दोघा पुरुषांना प्रेषितांनी रेशमी कपडा वापरू दिला, हेही बुखारीतच आहे. तेव्हा या यादीत नाव असणे म्हणजे प्रत्येकाला, प्रत्येक वेळी निषिद्ध असणे नव्हे. व्यभिचाराला खाजेची सवलत नसते. मग वाद्ये यादीतल्या कोणत्या जोडीदारासारखी, व्यभिचारासारखी की रेशमासारखी? हे यादी सांगत नाही, ते प्रेषितांच्या वागण्यातूनच शोधावे लागते. बुखारीने ही हदीस ठेवली कुठे, तर पेयांच्या प्रकरणात, दारूला दुसरे नाव देऊन ती हलाल मानणाऱ्यांविषयीच्या मथळ्याखाली. त्याला तिच्यात मुख्यतः काय दिसले, हे त्यावरून कळते.

आणि प्रेषितांचे वागणे कसे होते? ईदचा दिवस. प्रेषितांच्या पत्नी आयेशांच्या खोलीत दोन मुली गात आहेत, काही कथनांनुसार डफही वाजतो आहे. गाणी कसली, तर बुआसच्या लढाईची. म्हणजे इस्लामपूर्व काळात मदीनेच्याच दोन टोळ्या एकमेकींवर तुटून पडल्या त्या रक्तपाताची. भक्तिगीते नव्हेत. प्रेषित बिछान्यावर तोंड फिरवून पडलेले आहेत. आयेशांचे वडील अबू बक्र आत येतात आणि आपल्या मुलीला दटावतात: अल्लाहच्या प्रेषिताच्या घरात सैतानाची बासरी? प्रेषित वळतात आणि म्हणतात, राहू दे त्यांना. प्रत्येक समाजाला आपला सण असतो, हा आपला सण आहे.

मनाईची बाजू या प्रसंगाचाही कीस काढते, आणि तिचे मुद्दे विचार करण्याजोगे आहेत. मुली होत्या, प्रौढ गायिका नव्हत्या. आयेशांनी स्वतःच 'त्या काही गाण्याचा धंदा करणाऱ्या नव्हत्या' अशी पुस्ती जोडली आहे. प्रेषितांनी तोंड फिरवले, म्हणजे त्यांना ते रुचले नसावे. अबू बक्रांचे 'सैतानाची बासरी' हे शब्द चुकीचे आहेत असेही ते म्हणाले नाहीत; फक्त सणाची सवलत दिली. ठीक. पण सणाची सवलत मिळते कशाला? ईद आहे म्हणून एक पेला दारू चालेल, असे कोणी म्हणाले का? ईद आहे म्हणून व्याज घ्या? जे मुळात घाण आहे ते सणाच्या दिवशी स्वच्छ होत नाही. सवलत मिळते ती मुळात निर्दोष, पण अतिरेक झाला तर अपायकारक ठरणाऱ्या गोष्टींना. दुसरा प्रसंग: रुबय्यी नावाच्या नवरीच्या लग्नात मुली डफावर गात होत्या. त्यातली एक 'आमच्यात उद्याचे जाणणारा पैगंबर आहे' असे म्हणाली, तेव्हा प्रेषितांनी तेवढी ओळ टाकायला सांगितले आणि आधी जे गात होतीस तेच गा म्हणाले. आक्षेप शब्दांवर होता. डफ वाजत राहिला.

मग फकीह इतके कडक का झाले? याचे उत्तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अल गझाली, मृत्यू ११११, हा समाचा सर्वात मोठा शास्त्रीय वकील. वसंत, त्याची फुले, ऊद आणि त्याच्या तारा ज्याला हलवत नाहीत त्याची प्रकृती बिघडलेली आहे आणि त्यावर औषध नाही, असा दाखला त्याच्या 'इह्या' या ग्रंथात आहे. कोकिळा-बुलबुलांचा गळा निषिद्ध नसेल तर मधुर, लयबद्ध आवाज केवळ मधुर म्हणून निषिद्ध होऊच शकत नाही, असे तो सांगतो. आणि तोच गझाली तंतुवाद्ये आणि काही सुषिर वाद्ये निषिद्ध ठरवतो! विसंगती? नाही, तो कारण देतो: ही वाद्ये त्या काळी मद्यप्यांच्या बैठकीची खूण होती. त्याच्या मागची परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. अब्बासी शहरांत गाण्याचा बाजार बहुतांशी कियानांचा, म्हणजे गायन शिकवून भारी किमतीला विकल्या जाणाऱ्या गुलाम स्त्रियांचा होता. नवव्या शतकात जाहिजने त्यांच्यावर स्वतंत्र लेखन केले आहे. फकीहाला वाद्य दिसले की त्याच्या डोळ्यांसमोर दारू, विकत घेतलेली बाई आणि बुडालेली नमाज हे तिन्ही एकदम उभे राहत. गझाली तर पुढे जाऊन म्हणतो की लोकांनी मद्यप्यांसारखी बैठक सजवली, साकी नेमला, पेले फिरवले आणि त्यात साधे सिकंजबीन, म्हणजे मध-सिरक्याचे सरबत प्यायले, तरी ते निषिद्ध. सरबत हलाल असूनही.

सरबताचा हा दृष्टांत मला सगळ्या वादाची किल्ली वाटतो, कारण चार शतकांनी तो जसाच्या तसा प्रत्यक्षात उतरला. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी आणली. माणसे रात्री कंदील लावून बसतात, पेला हातोहात फिरवतात, हे त्याला मद्यपानासारखे दिसले. फकीह बसवले, वैद्य बोलावले, कॉफी आरोग्याला घातक असल्याची साक्ष मिळवली. कैरोहून आलेला आदेश मात्र सौम्य निघाला आणि बंदी टिकली नाही. १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने इस्तंबूलमध्ये पुन्हा कॉफीखान्यांवर वरवंटा फिरवला. आज मक्केत कॉफी हराम आहे असे म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. पेला बैठकीपासून सुटला, इतकेच घडले. हुकूम कारणाबरोबर फिरतो, हा फिकहचाच नियम आहे. कारण सरले की हुकूमही सरतो. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसीने, तोही हनफी, वाद्यांवर ग्रंथ लिहून हाच धागा पकडला: मनाई आहे ती दारू, व्यभिचार आणि त्यांच्याकडे नेणाऱ्या संगतीमुळे, त्या नसतील तर निव्वळ वाद्याला दोष नाही. आजही मैफलींत दारू चालते, असे कोणी म्हणेल. चालत असेल तर दारूला अडवा. सकाळी खिडकीत बसून व्हायोलिनचे पाठ गिरवणाऱ्या पोराने काय घोडे मारले?

'एकमत आहे' या दाव्याचे काय? माझी कसोटी साधी आहे. द्राक्षाची दारू हलाल आहे असे सिद्ध करणारा ग्रंथ कुठल्या मान्यवर फकीहाने लिहिला? एकानेही नाही; म्हणून तिथे एकमत म्हणता येते. संगीतावर मात्र नवव्या शतकातल्या इब्न अबी दुन्यापासून निषेधाचे ग्रंथ आहेत आणि त्यांना उत्तरे देणारेही. हदीसचा अभ्यासक इब्न ताहिर, मृत्यू १११३, याने समाच्या बाजूने ग्रंथ लिहिला. मालिकी काझी अबू बक्र इब्न अल अरबी याने मनाईची एकही हदीस निर्दोष नाही असे सांगितले. येमेनचा शौकानी, मृत्यू १८३४, याने तर खास 'एकमताचा दावा खोटा आहे' हे दाखवायलाच पुस्तिका लिहिली. अल अझहरचे प्रमुख महमूद शलतूत यांनी विसाव्या शतकात परवानगीचा फतवा दिला. ज्यावर हजार वर्षे दोन्हीकडून शाई सांडली, त्यावर एकमत आहे म्हणण्याला काय म्हणावे? मला सगळ्यात आवडतो तो इब्राहिम इब्न साद. आठव्या शतकातला हा मदीनेचा हदीसकथक, बुखारी आणि मुस्लिम दोघांनीही ज्याची कथने घेतली तो, हारून अल रशीदच्या बगदादमध्ये आला. त्याच्या गाण्यावर कोणीतरी नाक मुरडले, तेव्हा यापुढे आधी गाईन आणि मगच हदीस सांगेन अशी शपथ त्याने घेतली. खलिफाने बोलावले तर त्याने ऊद मागितला, असे बगदादच्या इतिहासग्रंथात नोंदलेले आहे. गाणाऱ्याची साक्ष अग्राह्य म्हणावी, तर या कथनांचे काय करायचे?

शौकानीबाबत मात्र अर्धवट सांगणे बरे नाही. एकमत नाही हे दाखवल्यावर तो म्हणतो की गोष्ट हरामच्या वर्तुळाबाहेर गेली तरी संशयाच्या वर्तुळात राहतेच, आणि श्रद्धावान संशयाच्या गोष्टींपाशी थांबतो. ही भूमिका मला मान्य नाही, पण तिचा मान ठेवावासा वाटतो. स्वतःसाठी थांबणारा माणूस आणि दुसऱ्याला थांबवणारा माणूस यांत तो गल्लत करत नाही.

मनाईवाल्यांचे एक मानसशास्त्रीय कारणही असते: सुरांनी माणूस बेभान होतो, बुद्धी झाकोळते. पण मग इजिप्तमधली कुराण-पठणाची बैठक पाहा. कारी, म्हणजे पठण करणारा, बयाती या मकामात (आपल्या रागासारख्या स्वररचनेत), अगदी खालच्या पट्टीत सुरू करतो. एक आयत, मग लांब शांतता. पुढची आयत थोडी वर. ओळ पुरी होते तसा श्रोत्यांतून 'अल्लाह!' असा उद्गार उसळतो. मग रास्त, हिजाझ, करुण सबा, आणि शेवटी पुन्हा बयाती. मुस्तफा इस्माईल यांच्यासारख्या काऱ्याचे एकेक वळण लोक मैफलीतल्या जागेसारखे आठवून सांगतात. पठण म्हणजे संगीत नाही, शब्द दैवी आहेत, लय मोकळी आहे, तजवीदचे, म्हणजे शुद्ध उच्चाराचे, नियम वर आहेत: हा फरक मी मानतो. पण मकाम तेच आहेत जे ऊदावर वाजतात, आणि अंगावर येणारा काटाही तोच. अबू मूसा अल अशरींचे पठण ऐकून प्रेषितांनी त्यांना दाऊदच्या घराण्याची बासरी लाभली आहे, अशी दाद दिली. दादीसाठी त्यांना उपमा सापडली ती वाद्याची. तेव्हा सूरच माणसाला बिघडवतो, हे कारण तरी देऊ नका.

'इस्लाम हा असाच' म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात एवढेच. सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यावर यहुदी धर्मगुरूंनी शोक म्हणून संगीतावर निर्बंध घातले. संत ऑगस्टिनला स्तोत्रांच्या चालीत रमतो याचीच टोचणी लागे आणि सगळ्या चाली चर्चबाहेर घालवाव्यात असे मधूनच वाटे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक झ्विंगली स्वतः अनेक वाद्ये वाजवणारा माणूस. त्याने १५२० च्या दशकात झुरिचच्या चर्चमधून गाणे हद्दपार केले, ऑर्गन फोडले गेले, आणि तिथे प्रार्थनेत पुन्हा गाणे यायला शतकाची अखेर उजाडली. सुराला घाबरणे ही एकेश्वरवादाची जुनी सवय आहे. तिला एकाच धर्माच्या खात्यावर टाकणे हे अज्ञान तरी आहे किंवा हिशेबीपणा.

राहिला सत्तेचा प्रश्न. इराणमध्ये १९७९ साली खोमेनींनी संगीत अफूसारखे आहे म्हणून ते रेडिओ-टीव्हीवरून काढा असे सांगितले. लगेच सुरू झालेल्या युद्धात त्याच रेडिओवर समरगीते दणाणू लागली, आणि १९८८ मध्ये त्यांनीच वैध कारणासाठी वाद्यांची खरेदी-विक्री चालेल असा फतवा दिला. सौदी अरेबियात अनेक दशके सार्वजनिक मैफल अशक्य होती. २०१७ पासून त्या दणक्यात सुरू झाल्या. नऊ वर्षांत किंवा एका रात्रीत नवी आयत उतरली का? दोन्हीकडे राज्याची गरज बदलली. म्हणून रियाधच्या मैफलीकडे बोट दाखवून 'बघा, आता तेही मान्य करतात' असे म्हणणाऱ्यांचेही मला हसू येते. अमीराची बंदी जसा पुरावा नाही, तशी राजपुत्राची परवानगीही नाही.

तालिबान स्वतःला हनफी म्हणवतात. म्हणून त्यांच्याच शेल्फवरचे एक पुस्तक उघडू: बाराव्या शतकात मरगिनानीने लिहिलेले 'हिदाया', जे मदरशांतून आजही शिकवले जाते. त्यात प्रश्न आहे की एखाद्याने मुसलमानाचे बरबत (वीणेसारखे तंतुवाद्य), ढोल, बासरी किंवा डफ मोडले तर काय? इमाम अबू हनीफांचे उत्तर: मोडणाऱ्याने भरपाई द्यावी, आणि अशा वस्तूंची विक्रीही वैध. वाद्य म्हणून किंमत नाही, पण घडवलेल्या लाकडाची किंमत द्यावीच लागेल, कारण ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. त्यांचे दोन शिष्य, अबू युसूफ आणि मुहंमद, भरपाई नाही म्हणतात, आणि पुढच्या हनफी परंपरेत कल शिष्यांच्या मताकडे गेला. हे लपवत नाही. हाताने रोखणे हे राज्यकर्त्यांचे काम, असेही तिथे म्हटले आहे, आणि हेरातचा अधिकारी म्हणेल, राज्यकर्ते आम्हीच. पण गाण्याला पाप मानणारा, मजहबाचा संस्थापक इमाम मोडलेल्या वीणेचे पैसे मोजायला लावतो, याचा अर्थ काय? पाप आणि गुन्हा यांच्यात त्याने एक भिंत ठेवली होती.

तो जगलाही तसाच. इराकमधल्या कूफ्यात त्यांच्या शेजारी एक चांभार राहत असे, अशी कथा चरित्रकार सांगतात. रात्री पिऊन घरी आला की एकच ओळ घोळवून गायचा: त्यांनी मला गमावले, आणि केवढा तरुण गमावला! इमाम रात्रभर नमाजात उभे, भिंतीपलीकडून हे गाणे. एके रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तर पहाऱ्यावरच्या शिपायांनी त्याला पकडून नेलेले. इमाम सकाळी खेचरावर बसून अमिराकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. वाटेत विचारले, 'काय रे, आम्ही तुला गमावले का?' चांभार पुढे दारू सोडून सुधारला, असे कथा सांगते. कथेत किती इतिहास आणि किती भक्ती हे कोण सांगणार. पण हनफी शतकानुशतके आपल्या इमामाविषयी ही गोष्ट अभिमानाने सांगत आले, ढिगाला काडी लावल्याची नाही.

शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूच्या लोकांसाठी, कारण इथे ते मूग गिळून बसतात. आज परवानगीचे फतवे देणारे अनेक उदार विद्वान अटींच्या यादीत हळूच एक अट सरकवतात: परपुरुषांसमोर बाईने गाऊ नये. इराणमध्ये वाद्यांना मुभा मिळाली, पण पुरुषांसमोर एकटीने गाण्याची बंदी स्त्रियांवर अजूनही आहे. काश्मीरमध्ये २०१३ साली 'प्रगाश' या शाळकरी मुलींच्या बँडविरुद्ध फतवा निघाला आणि मुलींनी गाणे थांबवले. त्याच खोऱ्यात पुरुषांचे सूफियाना कलाम चालू होते. विसाव्या शतकातल्या अरबी गाण्याची सम्राज्ञी उम्म कुलसूम ही गावच्या इमामाची मुलगी. लहानपणी धार्मिक गीते गायला बाप तिला मुलाचे कपडे घालून नेई. आणि पुरावा काय सांगतो? प्रेषितांच्या काळात उंटांच्या तांड्यापुढे गाणारा अंजशा पुरुष होता, हे खरे. पण तिथे फक्त गळा होता. वाद्याची परवानगी ज्या प्रसंगांवर उभी आहे, ते ईदचे घर, रुबय्यीचे लग्न, प्रेषित मोहिमेवरून सुखरूप परतले म्हणून डफ वाजवण्याचा नवस फेडायला आलेली एक मुलगी, त्या सगळ्यांत डफ स्त्रीच्या हातात आहे आणि गाणाराही आवाज तिचाच आहे. मग ती परवानगी पुरुषाकडे आली कशी, आणि तिच्याकडून गेली कुठल्या आयतीने?